मिटणारं झाड

छत्रीवाल्या मावशींचं दुकान म्हणजे तसं दुकान नव्हेच. बाजाराच्या कोपऱ्यावर एक जुनी इमारत आहे, तिच्या जिन्याखाली जी तिरकी पोकळी उरते तेवढीच त्यांची जागा. एक स्टूल, एक पत्र्याची पेटी, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांच्या दोन रांगा आणि डोक्यावरून दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या पायांचा आवाज. ताठ उभं राहिलं की कपाळ पायरीला लागतं, म्हणून मावशी बसूनच काम करतात आणि गिऱ्हाइकाशी मान वर करून बोलतात. नव्या माणसाला वाटतं, बाई गरीब स्वभावाची दिसते. दोन वाक्यांत त्याचा गैरसमज दूर होतो.

"पडून मोडली म्हणता? ही पडलेली नाही. हिच्यावर कोणीतरी बसलंय."

माणूस ओशाळतो. बहुतेक वेळा तोच बसलेला असतो.

जागा मूळची सासऱ्यांची. सासऱ्यांना एकुलता एक मुलगा, आणि तो लागला पावाच्या भट्टीवर. त्याचे हात कणकेचे मोठाले गोळे उचलणारे, आपटणारे. बारीक सुई आणि तार त्या हातांत कधी टिकलीच नाही. म्हाताऱ्यानं त्याचा नाद सोडून दिला. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांना दुपारचा डबा पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं. जेवण होईपर्यंत बसायचं आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं. पण नुसतं बसणं हा मावशींचा पिंडच नव्हे. सासऱ्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून त्या आधी सुईत दोरा ओवून देऊ लागल्या. मग कापडाला टाके घालू लागल्या. मग एक दिवस सासऱ्यांचं जेवण चालू असताना त्यांनी एक अख्खी छत्री खोलली, मोडकी काडी काढून दुसरी बसवली आणि जेवणाऱ्या सासऱ्यांपुढे धरली. सासऱ्यांनी ती उघडली नाही. कानाशी नेली, अर्धी सरकवून आवाज ऐकला, आणि पुढचा घास घेण्याआधी म्हणाले, "उद्यापासून डबा दोघांचा आण."

कौतुक म्हणून तेवढंच. पण मावशींना आजवर मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांत ही पहिल्या नंबरावर आहे.

सासरे गेल्यावर स्टुलावर मावशी बसल्या. पहिल्या वर्षी काही लोक जिन्याखाली वाकून बघायचे, बाई दिसली की तसेच सरळ होऊन निघून जायचे. शेजारच्या टपरीत किल्ल्या बनवणारा एक बसतो, सगळे त्याला किल्लीवालाच म्हणतात. तो अशा लोकांना मोठ्यानं ऐकवायचा, "का हो, बाईनं दुरुस्त केलेली छत्री पावसाला ओळखत नाही का?" हळूहळू लोक थांबायला लागले. त्या जिन्याखालच्या कमाईवर आणि भट्टीच्या पगारावर मावशींनी एकुलत्या एक लेकीला नर्स केलं, आणि मागच्या वर्षी तिचं लग्नही लावून दिलं.

जावई चांगला मिळाला. घर मोठं. विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, बसणं ताठ. लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला त्यांनी मावशींना आणि काकांना आग्रहानं बोलावलं होतं. त्यांच्या दिवाणखान्यात छताला टेकेल एवढं झाड होतं. त्यावर काचेचे गोळे होते, विहीणबाईंच्या आईच्या वेळचे, अंड्याच्या कवचाइतके पातळ. मावशींनी ते झाड डोळे भरून पाहिलं. हेवा वगैरे काही वाटला नाही. वाटायचं ते नंतर वाटलं, जेवणाच्या टेबलावर. कोणा पाहुण्यानं सहज विचारलं, "तुमचं दुकान कसलं म्हणालात?" आणि मावशी तोंड उघडायच्या आत लेक घाईनं म्हणाली, "छत्र्यांचं."

खोटं काहीच नव्हतं. पण छत्र्यांचं दुकान म्हटल्यावर पाहुण्याच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं आली असणार, हे मावशींना कळलं. लेक नव्या घरात नवी होती. तिला सांभाळून घ्यायला हवं, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि बऱ्यापैकी समजावलंही.

यंदा डिसेंबर लागला आणि लेकीचा फोन आला.

"आई, ख्रिसमसला आम्ही तुझ्याकडे येतोय."

"ये की. त्यात सांगायचं काय?"

"आम्ही म्हणजे सगळेच. सासूबाई आणि इकडचे बाबासुद्धा. त्याच म्हणाल्या, यंदा तुझ्या आईकडे जाऊ." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आई, तू फार काही करू नकोस हं."

लेक मायेनंच म्हणाली, यात शंका नाही. पण फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ ओट्याजवळ उभ्या राहिल्या. फार काही करू नकोस, याचा अर्थ दमू नकोस असाही होतो, आणि तुला जमणार नाही असाही होतो. कोणता घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर. मावशींनी दुसरा घेतला.

रात्रपाळीहून काका घरी आले, तेव्हा त्या पुढच्या खोलीच्या मध्यावर उभ्या राहून चारी बाजूंना बघत होत्या. काका म्हणजे मावशींचे यजमान. गल्ली त्यांना भट्टीकाका म्हणते.

"काय हरवलंय?" काकांनी विचारलं.

"झाड कुठं ठेवायचं ते बघतेय."

काकांनीही बघितलं. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पलंग, टेबल, कपाट आणि चार खुर्च्या. दार पूर्ण उघडलं की ते खुर्चीला लागतं, म्हणून चौथ्या खुर्चीवर कोणी बसलं असेल तर दार अर्धंच उघडायचं, असा घरातला नियम.

"झाड आणायचं तर एक माणूस बाहेर ठेवावं लागेल," काका म्हणाले. "मी भट्टीवर झोपतो. तिथं ऊबही आहे."

"थट्टा नको."

"थट्टा कुठं? झाड माझ्यापेक्षा कमी घोरेल."

मावशींना हसू आलं, पण प्रश्न जागच्या जागी राहिला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बाजार पालथा घातला. सणाच्या वस्तूंच्या दुकानांत चकाकणाऱ्या माळा होत्या, बर्फासारखा कापूस होता, घंटा होत्या, सगळ्या आकारांचे तारे होते. जे चांगलं दिसत होतं त्याची किंमत ऐकून हात आपोआप मागे यायचा. जे परवडत होतं ते मावशींना आवडेना, कारण त्यांना खोड अशी की वस्तू हातात आली की आधी उलटी करून सांधा बघायचा. एका दुकानात टेबलावर ठेवायचं छोटं प्लॅस्टिकचं झाड होतं. मावशींनी ते उचलून सगळीकडून फिरवलं.

"घ्या मावशी, शेवटचं आहे," दुकानदार म्हणाला.

"बाटली धुवायचा ब्रश असाच असतो," मावशी म्हणाल्या. "तो निदान बाटली तरी धुतो."

दुकानदारालाही हसू आवरलं नाही. त्या रिकाम्या हातांनी परत आल्या, पण बघून बघून एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली होती. सगळ्यांच्या घरी असतं तेच थोडं लहान, थोडं स्वस्त, असं काही आपल्याला आणायचं नाही. विहीणबाईंच्या झाडाची धाकटी बहीण घरात आणून उभी केली तर ती बिचारी उगीच दीनवाणी दिसणार. आणायचं तर असं काहीतरी, ज्याला त्यांच्याकडे जोडच नाही. पण असं काय, ते काही सुचेना.

कोरड्या महिन्यांत छत्र्यांचं काम थोडंच असतं. मावशी त्या दिवसांत जुना माल नीट लावतात. पेटीमागे मोडक्या छत्र्यांच्या सांगाड्यांचा भारा असतो, त्यांतल्या बऱ्या काड्या काढून ठेवायच्या, गंज पुसायचा, तेल द्यायचं. त्या दिवशी त्यांनी एका मोठ्या सांगाड्याला तेल दिलं, तीन-चारदा उघडमीट केली आणि तेल निथळावं म्हणून तो उघडाच, टोक वर करून, खिळ्याला अडकवला. त्याच्यावरच्या खिळ्याला एका लहान मुलाच्या छत्रीचा सांगाडा आधीपासून होता. किल्लीवाला चहाचे दोन पेले घेऊन वाकून आत आला आणि म्हणाला, "मावशी, हे काय नवीन? झाडबीड लावताय का?"

त्याला छत्रीच्या काड्या झाडाच्या फांद्यांसारख्या वाटल्या आणि तो सहज बोलून गेला. मावशींनी पेला घेतला, भिंतीकडे बघितलं, आणि तो चहा पार गार होईपर्यंत हातातच राहिला.

काड्या खाली झुकलेल्या, चहूबाजूंनी सारख्या. वर लहान, खाली मोठी. मध्ये एक बसवली की झालं.

झालं म्हणायला सोपं. मावशींनी त्याच संध्याकाळी एका लांब दांड्यावर तीन सांगाडे ओवले. खाली मोठ्या छत्रीचा, मध्ये बायकांच्या छत्रीचा, वर लहान मुलाचा. छत्रीच्या दांड्यावर जी नळी वर सरकवली की छत्री उघडते, त्या तिन्ही नळ्या त्यांनी तारेनं एकमेकींना जोडल्या, म्हणजे एक सरकवली की तिन्ही सरकाव्यात. आणि सगळं प्रकरण पुढच्या खोलीच्या छताला टांगलं. तिथं आधीच्या कुठल्यातरी भाडेकरूनं ठोकलेला एक दणकट हूक होता, त्यानं तो कशासाठी ठोकला होता देव जाणे. टेबलाच्या बरोबर वर. झाड टांगलं तर जमिनीवरची एक तसूही जागा जाणार नव्हती, आणि हाच मावशींना सगळ्यात मोठा विजय वाटत होता.

काका खाली टेबलाशी बसून पाव खात होते.

"हलू नका," मावशी म्हणाल्या आणि नळ्यांना बांधून हुकावरून घेतलेली दोरी ओढली.

वरची छत्री फटकन उघडली, मधली पाऊण उघडली आणि खालची अर्ध्यावर येऊन अडली. मावशींनी जोर लावला. तार सुटली, खालची छत्री धाडकन मिटली आणि मिटताना तिनं काकांच्या स्वेटरची कॉलर काड्यांत पकडली.

"झाडानं मला धरलंय," काका शांतपणे म्हणाले. "ओळखीचा समजलं असेल."

त्यांना सोडवायला बराच वेळ लागला. पण मावशींचं लक्ष कॉलरीत नव्हतंच. चूक त्यांच्या ध्यानात आली होती. लहान छत्री उघडायला नळी थोडीच सरकावी लागते, मोठीला जास्त. तिघींना एकत्र बांधलं तर लहान उघडून मोकळी होणार आणि मोठी अडून बसणार. एकत्र चालायचं तर तिघींची चाल सारखी हवी.

"मग?" काकांनी विचारलं. त्यांना छत्रीतलं कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा वाचता येत होता.

"मग तिन्ही मोठ्याच घ्यायच्या. एका मापाच्या. आणि वरच्या दोघींच्या काड्या छाटायच्या."

छाटायच्या, हे बोलताना त्यांना जरा जड गेलं. आयुष्यभर ज्या माणसानं मोडक्या काड्या जोडल्या त्यानं चांगल्या काड्या कापायच्या. पण कापल्या. एका मापाचे तीन सांगाडे मिळवायला त्या भंगारवाल्याकडे दोनदा जाऊन आल्या, मापाची दोरी घेऊन ढिगाऱ्यात शिरल्या. काड्या कापल्यावर नवी अडचण आली. छत्रीच्या प्रत्येक काडीच्या टोकाला कापड शिवायला एक बारीक भोक असतं, आणि मावशींना त्याच भोकांत शोभेच्या वस्तू लटकवायच्या होत्या. कापलेल्या काड्यांची भोकं कापलेल्या तुकड्यांबरोबर गेली. ते काम किल्लीवाल्यानं केलं. टोकं ठोकून चपटी केली आणि आपल्या यंत्रावर एकेका टोकाला भोक पाडून दिलं. पैसे विचारल्यावर म्हणाला, "मूळ कल्पना माझी आहे, हे सगळ्यांना सांगायचं. तेवढं पुरे."

राहिली सजावट. ती विकत घ्यायचीच नाही, असं मावशींनी ठरवून टाकलं. त्यांच्याकडे टाकलेल्या छत्र्यांचं कापड पोत्यानं होतं. हिरव्या छटांचं सगळं कापड वेगळं काढून त्यांनी त्याच्या अरुंद पट्ट्या कापल्या, पट्ट्यांच्या कडेला कात्रीनं झालर पाडली आणि काडीन् काडी गुंडाळून काढली. एक हिरवा गडद, एक पोपटी, एक उन्हानं विटून राखाडीकडे झुकलेला. जवळून बघितलं तर पानांतही असाच फरक असतो. बायकांच्या फुलाफुलांच्या छत्र्यांच्या कापडाचे छोटे गोळे शिवले आणि आत चिंध्या भरल्या. काड्यांच्या टोकांवरच्या पितळी टोप्या राखेनं घासून लख्ख केल्या. मुलांच्या छत्र्यांना रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या वाकड्या मुठी असतात. लाल, पिवळ्या, निळ्या. त्या धुऊन पुसून लटकवल्यावर दिव्याचा उजेड त्यांतून टेबलावर रंगीत होऊन पडायला लागला. हे मात्र मावशींनी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप झालं, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावावर जमा करून घेतलं.

काका रोज कामावरून आले की एक गोळा भरून द्यायचे. त्यांच्या जाड बोटांना शिवण जमत नव्हती, पण चिंध्या ठासून भरणं उत्तम जमायचं. त्यांनी भरलेला गोळा दगडासारखा व्हायचा. "हे तुमचे गोळे वरच्या फांद्यांना नकोत," मावशी म्हणाल्या, "कोणाच्या डोक्यात पडले तर ख्रिसमस दवाखान्यात करावा लागेल."

ख्रिसमसच्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर पाहुणे आले. मावशींनी मुद्दाम झाड मिटून ठेवलं होतं. छतापासून टेबलावर एक लांबट हिरवी गुंडाळी लोंबत होती, बस्स. बाकी भिंती कोऱ्या. पुढे लेक आणि जावई, मागे विहीणबाई आणि व्याही. चौथ्या खुर्चीवर व्याही बसले आणि दार अर्ध्यावर अडलं.

लेकीनं आत येताच खोलीभर नजर फिरवली. झाड नाही, माळ नाही, तारा नाही. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मावशींनी पाहिलं. लेकीनं ते लगेच पुसलं आणि ती आईच्या गळ्यात पडली. विहीणबाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनीही इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी मनापासून, बोचू नये अशा बेतानं म्हणाल्या, "बरं केलंत, साधंच ठेवलंत. आमच्याकडे तो सगळा पसारा काढता-घालता जीव जातो."

"साधंच आहे आमचं," मावशी म्हणाल्या. "विहीणबाई, तुमच्या हाताशी खिळ्याला एक दोरी आहे. जरा ओढता का?"

विहीणबाईंनी दोरीकडे पाहिलं, वरच्या गुंडाळीकडे पाहिलं. मुख्याध्यापिकेला कोणी असं काही करायला सांगत नसावं. पण त्यांनी दोरी हातात घेतली आणि ओढली.

वर कापडाची सळसळ झाली. तिन्ही सांगाडे एकदम, एका चालीनं फुलायला लागले. फांद्या पसरल्या, आत दडलेले गोळे आणि मुठी बाहेर येऊन झोके घेऊ लागल्या, आणि शेवटी खालच्या छत्रीचा खटका बसला. खट्. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर लाल, पिवळे, निळे कवडसे डुलू लागले. डोक्यांवर, हातभर अंतरावर, टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवं झाड उघडलं होतं, आणि खालून बघताना त्याच्या फांद्यांतून छत दिसत होतं.

व्याह्यांचा चहाचा पेला हवेत थांबला होता. काका मात्र झाडाकडे बघतच नव्हते. ते लेकीकडे बघत होते.

"हे परत मिटतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"खटका दाबा. खाली आहे, अंगठ्यानं."

विहीणबाई उठल्या. खटका दाबला, झाड मिटलं. दोरी ओढली, झाड उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरची मुख्याध्यापिका कुठंतरी निघून गेली होती. "अहो, तुम्ही बघा तरी," त्या व्याह्यांना म्हणाल्या आणि दोरी मात्र दिली नाही.

चौथ्या वेळी मधल्या फांदीचा एक सांधा निसटला आणि ती एकच काडी लुळी पडली. विहीणबाई दचकून मागे झाल्या. मावशींनी एप्रनच्या खिशातून पकड काढली, खुर्चीवर चढल्या, तार वळवून घट्ट केली आणि उतरल्या. बोलत असलेला माणूस मध्येच बटण लावतो, तितक्या सहज.

"हे आणलंत कुठून?" व्याह्यांनी विचारलं. "बाजारात कधी पाहिलं नाही असलं."

मावशी उत्तर द्यायच्या बेतात होत्या. पण लेक आधी बोलली.

"आणलेलं नाही, बाबा. आईनं केलंय. माझी आई छत्र्या दुरुस्त करते. बाजारात, जिन्याखाली बसून." ती उभी राहिली आणि तिनं मधल्या फांदीला हात लावला. "हे बघा, या तिन्ही मोठ्या छत्र्या आहेत. लहान छत्रीची नळी कमी सरकते, म्हणून तिन्ही एका मापाच्या घेतल्यात आणि वरच्यांच्या काड्या कापल्यात. नाहीतर खालची अडली असती. हो ना आई?"

मावशींनी मान हलवली. आपण हे तिला सांगितलेलं नाही, ती नुसती बघून सांगतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. शाळा सुटल्यावर लहानपणी ती जिन्याखालीच बसून अभ्यास करायची. तेव्हा पुस्तकाबरोबर तिनं आणखी काय काय वाचलं होतं, ते आज कळत होतं. लेक बोलत राहिली, आजोबा छत्री कानाशी नेऊन कशी तपासायचे ते तिनं करून दाखवलं, जावई उठून तारेचे जोड बघायला लागला, आणि मावशी केक कापायला म्हणून आतल्या खोलीत आल्या. केक काकांनी भट्टीवरच कापून आणला होता. पण तेवढं एक निमित्त त्यांना हवं होतं.

जरा वेळानं विहीणबाई रिकामे पेले घेऊन आत आल्या. पेले ओट्यावर ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

"एक सांगू का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीला सांगू नका. लग्न ठरायच्या आधी मी तुम्हाला बघून गेले होते."

"मला?"

"तुमच्या दुकानावर आले होते. छत्री घेऊन. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, कुणाला विचारायचं? म्हटलं आपणच बघावं. तुम्हाला माझा चेहरा आठवणार नाही."

मावशींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा खरंच आठवेना. जिन्याखालून चेहरे उजेडाविरुद्ध दिसतात, नुसते काळे. मग त्यांनी विचारलं, "मूठ बदकाच्या डोक्याची होती का? लाकडी? एक डोळा निखळलेला?"

विहीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "राखाडी छत्री," त्या म्हणाल्या.

"राखाडी. तिला झालं काहीच नव्हतं. तुम्ही खटका दाबायच्या आधीच ओढत होतात."

"आणि मी म्हटलं, काहीतरी करा, मी पैसे देते. मुद्दामच म्हटलं. तुम्ही म्हणालात, न झालेल्या दुखण्याचे पैसे मी घेत नाही. आणि बदकाला मण्याचा डोळा लावून दिलात, वर हात जोडून वाटेला लावलंत, मागे लोक खोळंबलेत म्हणून." विहीणबाईंनी ओट्यावरचा केकचा एक चुरा बोटानं उचलला. "घरी जाऊन यांना म्हटलं, मुलगी बघायची गरज नाही. आई बघून आलेय."

मावशींनी केकची थाळी उचलून विहीणबाईंच्या हातात दिली. घरच्या माणसाला देतात तशी, धरा म्हणून.

झाड नव्या वर्षापर्यंत टांगलेलं राहिलं. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं एकेक करून बघून गेली, किल्लीवाला तर तीनदा आला आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी बरोबर घेऊन आला. मूळ कल्पना कोणाची, ते मावशी सांगायला विसरल्या नाहीत. वरच्या मजल्यावरच्या एकांनी ते झाड विकत मागितलं, चांगला भावही सांगितला. मावशींनी नाही म्हटलं. विकणं हा आपला धंदाच नाही, आपण दुरुस्त करतो, असं त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना मान जरा जास्तच वर होती, हे काकांनी नंतर त्यांच्या ध्यानात आणून दिलं.

जानेवारीत जावई एक गाठोडं घेऊन आला. आत विहीणबाईंनी शेजारपाजारी फिरून गोळा केलेल्या मोडक्या छत्र्या होत्या. पुढच्या ख्रिसमसला आमच्याकडेही असंच झाड हवं, अजून अवकाश आहे, पण सुरुवात केलेली बरी, असा निरोप होता. मावशींनी गाठोडं सोडलं, एकेक छत्री दोरीनं मोजली आणि फोन लावला.

"विहीणबाई, यातल्या दोन तुमच्या झाडाला लागतील, बाकी एकीचंही माप दुसरीशी जुळत नाही. असं नुसतं पाठवून भागायचं नाही. तुम्हालाच यावं लागेल."

आणि त्या आल्या. एका सकाळी दोघी मिळून भंगारवाल्याकडे गेल्या. विहीणबाईंनी ठेवणीतला कोट घातला होता, मावशींच्या हातात मापाची दोरी होती. भंगारवाला मावशींना वर्षानुवर्षं ओळखतो. त्यानं या दुसऱ्या बाईंकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि गोंधळून उभा राहिला.

"या माझ्या विहीणबाई," मावशी म्हणाल्या.

"बसायला खुर्ची देऊ का त्यांना?" त्यानं विचारलं.

"बसायला कशाला आल्यात?" मावशी म्हणाल्या, आणि दोरीचं एक टोक त्यांनी विहीणबाईंच्या हातात दिलं. "धरा. त्या कोपऱ्यापासून बघायला लागू."

विहीणबाईंनी कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि ढिगाऱ्यात पहिला हात घातला.